निष्ठा कोणाशी? काशीचा राजा चेतसिंग

वाराणसीस जाणे झाले, तर दशाश्वमेध घाटावरून नावेत बसून प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे जावे. केदार घाट, हरिश्चंद्र घाट, हनुमान घाट मागे पडले की उजव्या हातास थेट पाण्यातून वर आल्यासारखा एक दगडी तट दिसू लागतो. वर बुरूज आहेत, खिडक्या आहेत. हा चेतसिंग घाट आणि हा शिवाल्याचा वाडा. १६ ऑगस्ट १७८१ रोजी ह्या वाड्याच्या एका खिडकीतून काशीचा राजा पागोटी एकमेकांस बांधून केलेल्या दोरावरून खाली उतरला, नावेत बसला आणि भरल्या गंगेतून पलीकडच्या तीरास गेला. काशीच्या गादीवर तो पुन्हा कधी बसला नाही.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना काशी म्हटली की नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचे स्मरण होते. मराठी घराण्यातले हे पंडित काशीत वाढले आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका निष्ठेतून दुसऱ्या निष्ठेकडे जाताना मनुष्याला काय सोसावे लागते, हे त्यांच्या चरित्रावरून आपण शिकलो आहोत. आजच्या पाठाचा विषय निराळा आहे. येथे निष्ठेचा प्रश्न मनाचा कमी आणि राज्याचा अधिक आहे. दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान राजाने कोणाशी इमान राखावे? आणि त्याने इमान राखले किंवा मोडले हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? चेतसिंगाला इंग्रजांनी बंडखोर ठरविले, काशीच्या लोकांनी वीर ठरविले. दोन्ही निवाडे थोडे बाजूस ठेवून आपण घटनाच क्रमाने पाहू या.

बाप आणि दोन धनी

चेतसिंगाचा आजा मनसाराम हा काशीजवळच्या गंगापूरचा भूमिहार जमीनदार. अयोध्येचा नवाब सादतखान ह्याच्या वतीने मीर रुस्तमअली नावाचा सरदार बनारस, जौनपूर, गाझीपूर आणि चुनार ह्या मुलखाचा वसूल पाहत असे, आणि मनसाराम त्याच्या पदरी होता. १७३८ च्या सुमारास मनसारामाने आपल्याच धन्याला बाजूस सारून वसुलीचा मक्ता मिळविला. मुलगा बळवंतसिंग ह्याला दिल्लीच्या बादशहाकडून 'राजा' हा किताबही आणविला. म्हणजे ह्या घराण्याचा पायाच एका धन्याला सोडून त्याच्या वरच्या धन्याला धरण्याने घातला गेला, हे आरंभीच लक्षात ठेवावे. त्या काळी ह्याला कोणी फारसे नावे ठेवीत नसे.

मक्त्याची रीत अशी असे. राजाने रयतेकडून वसूल करावा, ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने नवाबाच्या खजिन्यात भरावी आणि उरेल ते आपले म्हणावे. नवाबाला ठाऊक असे की राजाकडे पुष्कळ उरते. राजाला ठाऊक असे की नवाबाला ते ठाऊक आहे. म्हणून राजा आपला पैसा विंध्याच्या डोंगरातील विजयगड आणि लतीफगड अशा किल्ल्यांत ठेवी, आणि नवाबाची फौज आली की कुटुंबासह तिकडेच निघून जाई. फौज कंटाळून तडजोड करी, राजा थोडी अधिक रक्कम कबूल करून खाली उतरे, आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या स्नेहाची कागदोपत्री ग्वाही देत. निष्ठा ही अशी हप्त्यांत मोजली जाणारी वस्तू होती.

बळवंतसिंग ह्या खेळात तरबेज होता. १७५० मध्ये फर्रुखाबादच्या अहमदखान बंगशाने नवाब सफदरजंगाचा पराभव केला, तेव्हा बळवंतसिंगाने बंगशाशी जुळवून घेतले. पुढे सफदरजंगाने मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे ह्यांची मराठी फौज मदतीस घेऊन बंगशाला हटविले आणि १७५२ मध्ये तो बळवंतसिंगाचा समाचार घेण्यास काशीकडे आला. राजा डोंगरात गेला. मग क्षमायाचना, अधिक खंडणीची कबुली आणि पुन्हा तीच गादी. गंगेच्या पलीकडे रामनगरचा किल्ला उभा राहिला तोही ह्याच राजाच्या कारकिर्दीत.

आपल्या मुलखाच्या इतिहासात असे प्रसंग थोडे नाहीत. सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, परत आले, आणि १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात मुलांसह मारले गेले. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याची आपल्याकडे थट्टा होते. परंतु दोन्ही दगड हलत असले तर एकावरच उभे राहणारा शहाणा की दोहोंवर पाय ठेवणारा, हे सांगणे सोपे नाही.

१७६४ साली बक्सरची लढाई झाली. एका बाजूस ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूस नवाब शुजाउद्दौला, बंगालचा पदच्युत नवाब मीर कासीम आणि बादशहा शाहआलम. बळवंतसिंग नवाबाचा मांडलिक म्हणून फौज घेऊन निघाला होता. लढाईत मात्र त्याचा हात आखडताच राहिला, आणि निकाल लागताच त्याने विजयी पक्षाशी बोलणे सुरू केले. डिसेंबरमध्ये बनारसचा मुलूख कंपनीकडे वर्ग झाला. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १७६५ मध्ये अलाहाबादच्या तहाने तो पुन्हा नवाबाला मिळाला. मात्र बळवंतसिंगाला पूर्वीच्याच खंडणीवर त्याच्या जागी राहू द्यावे, असे कलम कंपनीने त्या तहात घातले.

वाचकहो, ह्या कलमाने काय झाले ते पाहा. राजाचा धनी नवाब, पण राजाचा पाठीराखा कंपनी. नवाबाने फार दाबले तर इंग्रजांकडे पाहावे, इंग्रजांनी फार मागितले तर आपण नवाबाचे चाकर आहोत असे म्हणावे. ह्या दोहोंच्या मधल्या फटीत बळवंतसिंग आणखी पाच वर्षे राज्य करून ऑगस्ट १७७० मध्ये आपल्या अंथरुणावर मेला. त्या काळच्या राजाच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते.

मुलगा आणि एक धनी

चेतसिंग गादीवर आला तो वादातच. त्याची आई राजपूत होती, म्हणजे राजाच्या जातीची नव्हती. भाऊबंदांच्या मते खरा वारस बळवंतसिंगाच्या मुलीचा मुलगा महीपनारायण हा होता. नवाबालाही हे निमित्त हवेच होते. पण कंपनीने चेतसिंगाचा पक्ष उचलला. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज स्वतः काशीस येऊन शुजाउद्दौल्याला भेटला. नवाबाने राजाचे डोंगरी किल्ले काढून घेऊ द्यावेत म्हणून आग्रह धरला, तेव्हा हेस्टिंग्जने तो मान्य केला नाही आणि चेतसिंगाला नवी सनद देवविली. पुढे ज्याने त्याला गादीवरून काढले, त्यानेच त्याची गादी त्या वर्षी राखली होती.

जानेवारी १७७५ मध्ये शुजाउद्दौला वारला. त्याचा मुलगा आसफउद्दौला ह्याच्याशी मे महिन्यात कंपनीने नवा तह केला आणि बनारसचा सर्व मुलूख स्वतःकडे घेतला. चेतसिंगाने आता वर्षाला २२ लाख ६६ हजार १८० रुपये कंपनीस भरावयाचे होते. ही रक्कम तो वेळेवर भरील तोवर त्याच्याकडे कोणत्याही निमित्ताने दुसरी मागणी करावयाची नाही, असा ठराव कलकत्त्याच्या कौन्सिलने जुलै १७७५ मध्ये केला. काशीत कंपनीचा रेसिडेंट नेमला तर राजाची प्रतिष्ठा साध्या जमीनदाराइतकी खाली येईल, म्हणून त्याने आपला हप्ता पाटण्यास भरावा, असे मत त्या वेळी खुद्द हेस्टिंग्जनेच मांडले होते.

वरवर पाहता राजाचे भाग्य उजळले. लोभी नवाब गेला, वचनाचा पक्का इंग्रज आला. परंतु बापाला जी फट मिळाली होती ती बुजली, हे मुलाच्या ध्यानी आले की नाही कोण जाणे. आता तक्रार करावयाची ती ज्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच करावी लागणार होती. माझ्या मते चेतसिंगाच्या नाशाचे मूळ येथेच आहे. दोन धनी असताना बाप टिकला आणि एकच धनी उरला तेव्हा मुलगा बुडाला.

शिवाय त्या एका धन्याच्याच घरात फूट होती. कौन्सिलमध्ये हेस्टिंग्जचे विरोधक प्रबळ होते. जून १७७७ मध्ये हेस्टिंग्जने राजीनामा दिल्याची वार्ता पसरली आणि जनरल क्लेव्हरिंगने गव्हर्नर जनरलचे पद आपले म्हणून सांगण्यास आरंभ केला. तेव्हा चेतसिंगाने क्लेव्हरिंगकडे आपला माणूस धाडला. बापाची रीत मुलाने पाळली, पण हेस्टिंग्ज पदावर कायम राहिला, आणि त्याने ही गोष्ट मनात ठेवली.

१७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्याची बातमी कलकत्त्यास येताच हेस्टिंग्जने तीन पलटणींच्या खर्चासाठी राजाकडे पाच लाख रुपये मागितले. राजाने एका वर्षापुरते म्हणून ते दिले. १७७९ मध्ये पुन्हा पाच लाख. ह्या वेळी फौज धाडून वसुली झाली आणि फौजेचा खर्चही राजाच्याच माथी बसला. १७८० मध्ये तिसऱ्यांदा पाच लाख, आणि उशिराबद्दल दंड निराळा.

ह्याच १७८० मधली एक गोष्ट मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. राजाने आपला बक्षी सदानंद ह्याच्या हाती हेस्टिंग्जला खाजगी नजराणा म्हणून दोन लाख रुपये पाठविले. हेस्टिंग्जने ते आधी नाकारले, मग घेतले, आणि मेजर कॅमॅकच्या फौजेवर खर्च केले. ती फौज महादजी शिंद्यांच्या विरुद्ध माळव्याकडे निघाली होती, कारण इंग्रज आणि मराठे ह्यांचे पहिले युद्ध तेव्हा चालू होते. त्याच ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉपहॅमने रात्री शिड्या लावून शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. म्हणजे काशीच्या राजाचा पैसा मराठ्यांशी लढण्यात गेला. आणि त्याच सुमारास, १७८० मध्ये, अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वनाथाचे मंदिर ह्याच राजाच्या नगरीत पुरे होत होते. इकडे मराठ्यांचे देऊळ उठते आहे, तिकडे मराठ्यांवर चाल करणाऱ्या पलटणीला नगरीचा राजा पैसे पुरवितो आहे. त्याला विचारले असते, तर दोन्ही गोष्टी आपण मनापासून केल्या असे त्याने सांगितले असते काय?

नंतर मागणी आली घोडेस्वारांची. आधी २०००, मग १५००, मग १०००. राजाने ५०० स्वार आणि ५०० प्यादे देऊ केले. त्यावर उत्तर आले नाही. हेस्टिंग्जने मनाशी ठरविले होते की राजाचा अपराध धरून त्याच्याकडून ४० ते ५० लाख रुपये दंड घ्यावयाचा. कंपनीचा खजिना रिकामा होता. दक्षिणेत हैदरअलीशी आणि मध्य हिंदुस्थानात मराठ्यांशी युद्ध चालू होते. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, म्हणून ह्याविषयी तर्क करण्याचे कारण नाही.

येथे राजाचीही बाजू तपासून पाहिली पाहिजे. आपण दरिद्री झालो आहोत असे तो वारंवार लिहीत होता. ते खरे नव्हते. विजयगडावर त्याचे लाखो रुपये होते. तो टाळाटाळ करीत होता, वेळ काढीत होता, आणि मराठ्यांशी त्याचे आतून बोलणे आहे असा हेस्टिंग्जला संशय होता. पण १७७५ चा ठराव एकदा केल्यावर जास्तीची मागणी हाच मुळी करारभंग होता, आणि करारभंग करणाऱ्याशी टाळाटाळ करणे ह्याला राजद्रोह म्हणता येईल काय? ठरलेली वार्षिक खंडणी तर तो भरीतच होता.

शिवाला

७ जुलै १७८१ रोजी हेस्टिंग्ज कलकत्त्याहून निघाला. १२ ऑगस्टला बक्सर येथे चेतसिंग त्याला सामोरा गेला. राजाने आपले पागोटे काढून हेस्टिंग्जच्या मांडीवर ठेवले. आपल्या देशात ह्याहून मोठी शरणागती नाही. हेस्टिंग्जने ती स्वीकारली नाही. १४ तारखेस तो काशीत पोहोचला, राजाची भेट नाकारली, आणि दुसऱ्या दिवशी रेसिडेंट मार्कहॅम ह्याच्या हाती आरोपांचे पत्र धाडले. राजाने दिलेले उत्तर नम्र होते, पण अपराध कबूल करणारे नव्हते. हेस्टिंग्जला ते उद्धट वाटले. १६ ऑगस्टच्या सकाळी राजाला शिवाल्याच्या वाड्यात अटकेत ठेवण्यात आले.

राजाने प्रतिकार केला नाही. आपण सरकारचे चाकर आहोत, पहारा कशासाठी, अशा अर्थाची पत्रे त्याने त्या सकाळी लिहिली. पहाऱ्यावर शिपायांच्या दोन कंपन्या होत्या आणि त्यांच्यावर स्टॉकर, स्कॉट आणि सिम्स हे तीन लेफ्टनंट. ह्या शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता. गव्हर्नर जनरलच्या नुसत्या नावाने काम भागेल अशी खात्री होती. आपल्या राजाला कैद केल्याची बातमी रामनगरात पोहोचली आणि तिकडची शस्त्रधारी माणसे नावांतून लोंढ्याने शिवाल्यास येऊ लागली. दारूगोळा घेऊन निघालेल्या कंपनीला गर्दीने वाट दिली नाही. मग जे व्हावयाचे ते झाले. तिन्ही अधिकारी आणि बहुतेक शिपाई कापले गेले. ह्या गोंधळात राजा खिडकीतून उतरला.

ह्या क्षणापाशी आपण थोडे थांबावे. राजाने बंड पुकारले नव्हते. बंड त्याच्यासाठी दुसऱ्यांनी केले, आणि ते झाल्यावर तो बंडखोर ठरला. रामनगरच्या माणसांना सनद, ठराव, कलकत्त्याची कौन्सिल ह्यांतले काही ठाऊक नव्हते. त्यांची निष्ठा एकपदरी होती. तिचाच प्रवाह राजाला नदीपार घेऊन गेला.

हेस्टिंग्ज माधोदासाच्या बागेत थोड्याशा पहाऱ्यानिशी उतरला होता. गर्दी रामनगरकडे वळण्याऐवजी त्या बागेकडे वळली असती, तर हिंदुस्थानचा इतिहास निराळा झाला असता. रामनगरवर घाईने केलेला हल्ला फसला, त्यात कॅप्टन मेयाफ्र मारला गेला, आणि २१ ऑगस्टच्या रात्री गव्हर्नर जनरल चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. घाईत घोड्यावर हत्तीचा हौदा आणि हत्तीवर घोड्याचे जीन घातले, अशी थट्टा करणारा एक दोहा काशीत अजून म्हणतात. चुनारहून त्याने मदतीसाठी पत्रे पाठविली ती जासुदांच्या कानांच्या भोकांत, कर्णभूषणांच्या जागी, कागदाच्या बारीक सुरळ्या घालून, असे सांगतात.

ह्या काळातही चेतसिंग चुनारकडे समेटाची पत्रे पाठवीत होता. त्यांना उत्तर गेले नाही. सप्टेंबरात फौजा आल्या. त्यांचा मुख्य तोच पॉपहॅम, ग्वाल्हेर घेणारा. पतीता आणि लतीफपूर येथील राजाची ठाणी पडली, राजा विजयगडाकडे आणि तेथून बुंदेलखंडात गेला. विजयगड त्याची आई राणी पन्ना हिने नोव्हेंबरपर्यंत लढविला. अखेर अभयवचन घेऊन ती बाहेर पडली, पण वाटेत तिच्या परिवाराची झडती घेऊन त्यांना लुबाडण्यात आले. किल्ल्यात सुमारे २३ लाख रुपये सापडले आणि ते सैनिकांनी आपापसांत वाटून घेतले. ज्या पैशासाठी हे सर्व झाले, तो कंपनीच्या खजिन्यात पोहोचलाच नाही.

दोन तुलना

शास्त्रवाचन करणाऱ्यांना ह्या कथेवरून यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया आठवल्यावाचून राहणार नाही. त्यालाही परक्या सम्राटानेच, नबुखद्नेस्सराने, पुतण्याच्या जागी गादीवर बसविले होते. तोही बाबेल आणि मिसर ह्यांच्यामध्ये हेलकावे खात होता. तोही नगरीच्या भिंतीतून रात्री निसटला. मात्र त्याला यरीहोच्या मैदानात पकडण्यात आले. पण ह्या साम्याने फसू नये. यहेज्केलाच्या १७ व्या अध्यायात सिद्कीयावर ठेवलेला दोष शपथ मोडल्याचा आहे. मिसराची मदत मागून त्याने दिलेला शब्द मोडला. काशीत शब्द मोडला तो सम्राटाच्या पक्षाने. तसेच दोन धन्यांविषयीचे जे प्रसिद्ध वचन आपण ऐकतो, तेही येथे घाईने लावू नये. ते वचन देव आणि धन ह्यांच्याविषयी आहे. नवाब आणि कंपनी ह्या दोहोंनाही एकच धन हवे होते.

दुसरी तुलना दूरच्या सर्बिया देशाची. १३७१ मध्ये मारित्सा नदीकाठी उस्मानी तुर्कांशी लढताना सर्बियाचा राजा वुकाशिन पडला. त्याचा मुलगा मार्को ह्याच्या हाती प्रिलेपच्या आसपासचा लहानसा मुलूख उरला, आणि तो सुलतानाचा मांडलिक झाला. मांडलिकाने खंडणी द्यावयाची आणि बोलावणे येईल तेव्हा फौज घेऊन जावयाचे. १३९५ मध्ये सुलतान बायझीदाने वालाखियाच्या ख्रिस्ती राजावर स्वारी केली, तेव्हा मार्को आणि त्याच्यासारखाच दुसरा सरदार कॉन्स्टंटिन देयानोविच ह्यांना सुलतानाच्या बाजूने लढावे लागले. रोविने येथील त्या लढाईपूर्वी मार्को आपल्या सोबत्याला म्हणाला, की देव ख्रिस्ती लोकांना जय देवो, आणि पडणाऱ्यांत पहिला मी असो. पुढल्या पिढीतील एका चरित्रकाराने ही आठवण लिहून ठेवली आहे. दोघेही त्या लढाईत मारले गेले. तरवार एका पक्षाकडे आणि प्रार्थना दुसऱ्या पक्षाकडे, असा हा मनुष्य. सर्ब लोकांनी त्याला द्रोही म्हटले नाही. त्यांच्या पोवाड्यांचा तो सर्वांत लाडका नायक झाला.

चेतसिंगाच्या मनात त्या सकाळी काय होते, हे कोणी लिहून ठेवले नाही. त्याची पत्रे आहेत, पण ती धन्यास लिहिलेली आहेत, आणि धन्यास लिहिलेल्या पत्रात मन किती उतरते हे नोकरी करणाऱ्या कोणत्याही वाचकास ठाऊक आहे.

निवाडा

महीपनारायणाला गादीवर बसविण्यात आले. खंडणी एकदम ४० लाख झाली, आणि काशी शहराचा न्याय व बंदोबस्त राजाकडून काढून घेण्यात आला. १७८४ मध्ये हेस्टिंग्ज पुन्हा त्या मुलखातून गेला, तेव्हा बक्सरपासून पुढे उजाड गावे आणि तक्रार करणारी रयत दिसल्याचे त्याने स्वतः नमूद केले. दुष्काळही पडला होता, पण कारभाराचा दोष त्याने लपविला नाही. पुढे १७८७ मध्ये जोनाथन डंकन रेसिडेंट म्हणून आला. १७९४ च्या करारनाम्याने राजाच्या हाती खाजगी मुलुखापलीकडे फारसे काही उरले नाही. हाच डंकन १७९५ पासून मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचे स्मारक आहे आणि त्यावर काशीचा उल्लेख आहे.

लंडनमध्ये हे प्रकरण पार्लमेंटपुढे आले. १३ जून १७८६ रोजी बनारसच्या आरोपावर मतदान झाले आणि ७९ विरुद्ध ११९ मतांनी हेस्टिंग्जवर खटला भरण्याजोगा दोष धरण्यात आला. पंतप्रधान पिट ह्याचे म्हणणे असे, की युद्धकाळात मांडलिकाकडे जादा मदत मागण्याचा हक्क सरकारला होता, पण ५० लाखांचा दंड अपराधाच्या मानाने अवाढव्य होता. एडमंड बर्क मूळ ठरावावरच बोट ठेवीत होता. राजा हा राजा होता, मांडलिक होता की नुसता जमीनदार होता, ह्यावर सभागृहात पुष्कळ वेळ गेला. गंमत अशी की ज्या हेस्टिंग्जने १७७५ मध्ये त्याला जमीनदाराहून वरचा मानावा म्हटले होते, त्याच्याच बचावात आता तो केवळ जमीनदार असल्याचे सांगितले जात होते. १७८८ मध्ये सुरू झालेला खटला २३ एप्रिल १७९५ रोजी संपला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. चेतसिंगाची साक्ष कोणी घेतली नाही.

तो तेव्हा ग्वाल्हेरीत होता. १७८१ च्या ऑक्टोबरमध्ये महादजी शिंद्यांनी कर्नल म्यूरशी तह केला आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह होऊन युद्ध थांबले. काशीच्या राजासाठी ते पुन्हा सुरू करणे मराठ्यांना शक्य नव्हते. पण महादजींनी त्याला आश्रय दिला. ज्यांच्याविरुद्ध चाललेल्या पलटणीवर त्याचे दोन लाख खर्च झाले होते, त्यांच्याच दारी त्याला अन्न मिळाले. २९ मार्च १८१० रोजी ग्वाल्हेर येथेच तो वारला. खिडकीतून उतरल्याला तेव्हा जवळजवळ २९ वर्षे झाली होती.

शिवाल्याचा वाडा पुढे दिल्लीच्या परागंदा शहजाद्याच्या कुटुंबाकडे गेला, आणि पुष्कळ वर्षांनी काशीच्या राजघराण्याने तो परत मिळविला. त्या वाड्याच्या परिसरात सरकारने बसविलेला एक इंग्रजी शिलालेख आहे. स्कॉट, सिम्स आणि स्टॉकर हे तीन अधिकारी आपले कर्तव्य बजावीत असता येथे पडले, असे त्यावर लिहिले आहे. ज्या शिपायांना रिकाम्या बंदुका देऊन त्या सकाळी पहाऱ्यावर उभे केले, त्यांची नावे त्यावर नाहीत.